काळी सनई

‘‘पुन्हा वाचा, मास्तर. पन तसंच नको.’’

कविता वाचून संपली की भाऊ एवढंच म्हणायचे. वाहवा नाही, टाळी नाही, मान डोलावणं नाही. वाजवायच्या आधी क्लॅरिनेटची पातळ पत्ती त्यांच्या गालात भिजत ठेवलेली असायची, त्यामुळे हे शब्दसुद्धा ओठांच्या एका कोपऱ्यातून निघायचे. पत्ती नीट ओली झाल्याशिवाय आवाज धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मधेच कोणी काही विचारलं तर ते एक बोट वर करत. थांबा. विचारणारा थांबायचा, त्याचा चहा निवून जायचा. मग भाऊ पत्ती काढून उजेडाकडे धरून बघत आणि म्हणत, ‘‘हां, बोला आता.’’ तोवर विचारणारा काय विचारायचं ते विसरलेला असे.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांची लेक अजून सासरच्या त्याच घरात नांदते आहे, आणि आमच्या भागात एक नाव लिहिलं की सगळी भावकी लिहिल्यासारखं होतं. हॉटेलात सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणतो.

हॉटेल चाचांचं. महाडमध्ये चवदार तळ्याकडून बाजारपेठेत उतरणाऱ्या एका बोळात होतं. चाचा मूळचे दासगावचे. उमेदीचा काळ त्यांनी जहाजावर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, म्हणून घालवला होता, आणि परत येताना चावीचा एक फोनो आणि बंदराबंदरांतून गोळा केलेल्या तबकड्या घेऊन आले होते. चहा, भजी आणि पाव एवढंच तिथं मिळायचं. कपबश्या मात्र सगळ्यांना एकाच फळीवरच्या. हे मी मुद्दाम का लिहितो ते ज्याला कळत नसेल, त्यानं आपल्या वडिलांना विचारावं.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तिथं कविता वाचल्या जायच्या. कवी म्हणजे आम्ही दोघे. एक मी. दुसरे एका वकिलाकडचे कारकून, ते सगळं वृत्तात लिहीत आणि वाचताना पायानं ठेका धरत. ऐकणारे म्हणजे बाजार आटोपून एसटीची वाट बघत बसलेले लोक. कविता नको असेल तर बाहेर धुळीत उभं राहायची सोय होती, त्यामुळे श्रोत्यांची कधी वाण पडली नाही. आणि दोन कवितांच्या मधे, कधी कवितेच्या पोटातच, भाऊंची क्लॅरिनेट.

मी बी.ए. होऊन महाडच्या हायस्कुलात नुकताच लागलो होतो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर. माझ्या बापाला सही येत नव्हती, आणि मी खुर्चीवर बसून वकील-डॉक्टरांच्या मुलांचे निबंध तपासत होतो. याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी कोणापुढे झाकून ठेवत नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, भाऊंच्याच गावाची. गावाबाहेरची. तेव्हा तिला महारवाडा म्हणत, आता बुद्धवाडी म्हणतात. भाऊंचं घर गावातलं मोठं शेतकरी घर, खाचरं पार नदीपर्यंत गेलेली. त्यांच्या घरच्या लग्नांना आमच्या वाडीचा खालूबाजा असायचा. सनई, ढोल, टिमकी, झांज. सनई माझ्या चुलत्याची. भाऊंच्या स्वतःच्या लग्नात तीच वाजली होती.

त्यामुळे मी पहिल्यांदा कवितेचे कागद खिशात घालून चाचांच्या दारात गेलो आणि आत भाऊ बसलेले दिसले, तेव्हा पाय उंबऱ्यावरच थांबले. बी.ए. झालेले पायसुद्धा थांबतात. भाऊंनी मला पाहिलं. मग बाकड्यावर सरकून त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली.

‘‘बसा मास्तर. ह्ये महाड हाय.’’

गावात मात्र ते मला हाकच मारत नसत. ‘अरे’ म्हणवत नसे, आणि थोरल्या भावासमोर ‘मास्तर’ म्हणायची छाती होत नसे. वाटेत भेटले की दुसरीकडेच बघून म्हणत, ‘‘येत्या बाजाराला काय नवीन?’’ जणू समोरच्या आंब्यालाच विचारत आहेत.

हे वाद्य त्यांच्याकडे कसं आलं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गावातल्या सगळ्यांसारखे तेही पोरवयात मुंबईला गेले. एका मोठ्या हॉटेलात वेटर झाले. तिथं संध्याकाळी साहेबलोक नाचायचे आणि गोव्याच्या मंडळींचा बँड वाजायचा. त्यातला एक म्हातारा क्लॅरिनेटवाला दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये भाऊंना शिकवू लागला. फुंकायचं कसं, दम कुठं चोरायचा, आणि मुख्य म्हणजे चाल पकडून तिच्यातून बाहेर कसं पडायचं. ‘‘तो म्हनायचा, घरातून बाहेर पडलास तर पड. पन परत यायची वाट ध्यानात ठेव.’’ कोणी आजारी पडलं की भाऊंना मागच्या रांगेत उभं करत. पुढे पुढे आजारी नसलं तरी करायला लागले.

मग दारूबंदी आली. नाचायला येणारे कमी झाले, बँड फुटला. गोव्याची मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत गेली, पण तिथं कागदावरचे सूर वाचून वाजवावे लागत आणि भाऊंना ते येत नव्हतं. म्हातारा गोव्याला निघाला, जाताना आपली क्लॅरिनेट भाऊंच्या हातात ठेवून गेला. भाऊ ती घेऊन गावी आले आणि नांगराला लागले.

गावानं क्लॅरिनेटची पेटी उघडून पाहिली आणि नाव ठेवून दिलं, काळी सनई. नाव चुकीचं नव्हतं. पण त्या नावात जे होतं ते भाऊंच्या घरी कोणाला सोसण्यासारखं नव्हतं. सनई फुंकायची ती वाडीनं. घरातल्या माणसानं पखवाज वाजवावा, टाळ वाजवावेत, पेटी वाजवली तर त्याहून उत्तम, देवाच्या दारात मान मिळतो. तोंडात धरून फुंकायचं ते मात्र वाजंत्र्याचं काम. थोरल्या भावानं एकदाच सांगितलं होतं, ‘‘ह्या गावात वाजवायचं नाय.’’ म्हणून भाऊ बाजाराच्या दिवशी एसटीनं महाडला यायचे. पिशवीत वर भाजी, खाली क्लॅरिनेट.

कारकुनांचं आणि त्यांचं कायम वाजायचं. कारकून एकदा चंद्रोदयावर लांबलचक काहीतरी वाचत होते. भाऊंनी दुसऱ्या कडव्याच्या मधेच एक सूर लावला, लांब, खालून वर चढत जाणारा. कारकुनांचा पाय ठेक्यावर पडायचा तो हवेत राहिला.

‘‘अहो, वृत्त मोडलं माझं!’’

भाऊंनी वाजवता वाजवता बोट वर केलं. थांबा. सूर कुठंतरी जाऊन आला, आणि बरोबर जिथं पाय अडकला होता तिथं येऊन टेकला. 

‘‘घ्या,’’ भाऊ म्हणाले, ‘‘आलं परत. ठेवा पाय.’’

कारकून चिडले होते, पण पाय त्यांनी ठेवला. पुढच्या बाजाराला तीच कविता घेऊन आले आणि त्या जागी आपण होऊन थांबले. आम्ही हसलो तर म्हणाले, ‘‘यतिस्थान आहे ते. हसताय काय?’’

लोक सिनेमातलं गाणं मागायचे. भाऊ नाही म्हणत नसत. चाल पहिल्यांदा सरळ वाजवत, माणूस खूश होऊन भजी खायला लागे. मग दुसऱ्या फेरीला चाल हळूच वळायची, कुठल्यातरी गल्लीत शिरायची. एकदा विन्हेऱ्याकडचा एक म्हातारा अर्धं भजं हातात धरून घाबरून म्हणाला, ‘‘हारवलं का काय ओ?’’

‘‘नाय बाबा, मुंबैला गेलंय. येतंय मनीऑर्डर घेऊन.’’

सगळं हॉटेल हसलं. त्या हॉटेलात ज्याचं कोणी मुंबईला गेलेलं नाही असा माणूस नव्हता. चाल परत आली तेव्हा म्हाताऱ्यानं खरोखर सुटकेचा श्वास टाकला.

माझ्या कवितांच्या बाबतीत ते निराळं वागत. मी कॉलेजात शिकलेल्या आवाजात वाचायचो, घसा साफ करून, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. माझी एक कविता होती, आई डोंगरातून लाकडाचा भारा घेऊन उतरते, अशी. ती संपली की भाऊंचं ठरलेलं, पुन्हा वाचा, पण तसंच नको. मला राग यायचा. मी म्हणायचो, कविता छापायची वस्तू आहे, दर वेळी बदलायला ती काय हवा आहे? ते म्हणत, ‘‘तुमची आय रोज त्याच पावलानं उतरते काय?’’ एकदा मी म्हणालो, ‘‘हो, रोज. दमलेला माणूस त्याच पावलानं उतरतो.’’ यावर भाऊ जरा विचार करून म्हणाले, ‘‘ह्ये पन खरं.’’ आणि त्या दिवशी त्यांनी एकच सूर पुन्हा पुन्हा, एका पावलाचा, कविता संपेपर्यंत वाजवला. आमच्यात गुरू-शिष्य असं काही नव्हतं. आम्ही भांडायचो, आणि भांडण बहुतेक वेळा बरोबरीत सुटायचं.

चाचांच्या तबकड्या काळ्या अमेरिकन माणसांच्या होत्या. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं की चाचा चावी भरायचे आणि आम्ही ऐकत बसायचो. एकदा चाचा म्हणाले, ‘‘गुरुजी, ये जो वाजवतो आहे ना, याचा आजा गुलाम होता. मालकाच्या लग्नात वाजवायचा. आता हा वाजवतो तर मालकाचे नातू तिकीट काढून रांगेत.’’

त्याच वर्षी आमच्या वाडीनं धर्म बदलला होता आणि गावकीची सगळी कामं सोडली होती. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा न्यायचा नाही, लग्नात वाजवायचं नाही. चुलत्यानं सनई चुलीत घातली होती. मी त्या वेळी तिथं होतो आणि मला तो माझ्या बी.ए.पेक्षा मोठा दिवस वाटला होता.

भाऊंना ते कळलं होतं. तबकडी संपल्यावर ते म्हणाले, ‘‘तुमच्या चुलत्यानं बरं केलं मास्तर.’’ मग तबकडी पुसून खोक्यात ठेवताना, ‘‘पन आवाज चांगला होता तिचा.’’

मला वाटतं, त्या दिवशी आम्हा दोघांच्या मनात एकाच गोष्टीची दोन टोकं होती. आम्ही वाजवणं सोडून माणसात आलो होतो. त्यांना वाजवतानाच माणसात आल्यासारखं वाटत होतं. दोन्ही खरं होतं आणि एकाच गावात मावत नव्हतं.

भाऊंना एकच लेक. तिच्या लग्नाचं बघायला लागले. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावातलं स्थळ आलं, मुलगा मुंबईत गोदीत कामाला, घरी जमीन, सगळं मनासारखं. मुलाचा बाप बघून गेला आणि मग कोणीतरी त्याच्या कानावर घातलं की मुलीचा बाप महाडला मुसलमानाच्या हॉटेलात बसून काळी सनई फुंकतो, आणि वाडीचा मास्तर मांडीला मांडी लावून बसलेला असतो. निरोप आला. मांडीचं आम्ही बोलत नाही, पण फुंकायचं सोडा.

हे भाऊंनी आम्हाला हॉटेलात स्वतःच सांगितलं, हसत.

‘‘म्हनतो, पेटी तरी वाजवायची व्हतीत! पेटीला आमची ना नव्हती. म्हंजे हातानं वाजवलं तर जावई मिळतो, तोंडानं वाजवलं तर नाय.’’

‘‘मग काय सांगितलंत?’’ कारकुनांनी विचारलं.

‘‘शब्द दिला.’’

चाचांनी न विचारता त्यांच्यापुढे दुसरा चहा ठेवला. त्यानंतर भाऊ बाजाराला यायचे, बसायचे, ऐकायचे. पिशवीत नुसती भाजी. कारकून आपल्या यतिस्थानावर थांबत आणि तिथं काहीच येत नसे, तरी ते थांबतच. मी कविता वाचली की भाऊ ‘बरी हाय’ म्हणत. मला ते ‘बरी हाय’ फार लागायचं.

लग्न ठरलं तसं भाऊ अक्षता घेऊन आमच्या वाडीत आले. गावातून असं आमंत्रण घेऊन आलेला पहिला माणूस. माझी आई दारात म्हणाली, ‘‘आदी वाजवाया बोलवायचे, आता जेवाया बोलवतात. चाललंय बरं.’’ पण अक्षता तिनं पदरात घेतल्या.

आता जी चूक झाली ती आमच्याच गावात होऊ शकते. नवऱ्या मुलाकडची मंडळी संध्याकाळच्या मुहूर्ताला येऊन वेशीवरच्या मारुतीच्या देवळात उतरली. तिथून त्यांना वाजतगाजत मांडवात न्यायचं. पान-सुपारी होती, दिवे होते, सवाष्णी आरती घेऊन उभ्या होत्या. वाजंत्री नव्हते. कारण वाजंत्री सांगायचे असतात हे गावात कोणाला माहीतच नव्हतं. पिढ्यान् पिढ्या लग्न ठरलं की आमची माणसं आपण होऊन ढोल घेऊन हजर व्हायची. पाऊस सांगावा लागत नाही, तसं ते सांगावं लागत नसे. आम्ही सोडल्यावर गावातलं हे पहिलंच लग्न. भाऊंना वाटलं, थोरल्यानं महाडहून बँड सांगितला असेल. थोरल्याला वाटलं, वाडीवाले बोलले असतील रागानं, पण लग्नाला येतीलच की.

थोरल्यानं माणूस वाडीत पाठवला. चुलता अंगणात बसला होता. त्यानं फक्त चुलीकडे हात केला.

मी देवळापाशी उभा होतो. मुलाचा बाप चौथऱ्यावर मांडी घालून बसला होता. ‘‘आमी काय मयताला आलो नाय,’’ तो म्हणाला, ‘‘मुक्यानं चालत यायला. वाजेल तवा उठू.’’

थोरल्यानं भाऊंना बाजूला घेतलं, पण आवाज बाजूला घ्यायचं त्याला सुचलं नाही. ‘‘तो तुझा मास्तर उबा हाय बघ. चुलता हाय त्याचा. मास्तराला सांग, तुझं ऐकंल.’’

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘नाय सांगनार.’’

‘‘नाय म्हंजे?’’

‘‘त्यांनी सोडलंय दादा. सोडलं म्हंजे सोडलं. मी परत धरायला सांगनार नाय.’’

‘‘आनि पोरीचा मुहूर्त?’’

भाऊंनी मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि मला नाही म्हणायला लागू नये म्हणून त्यांनी विचारलं नाही. माझ्यासाठी एवढं करणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत.

तेवढ्यात चौथऱ्यावरूनच आवाज आला. ‘‘व्याही, तुमचं ते काळं हाय ना? तेच काढा की.’’

‘‘तुमाला शब्द दिलाय.’’

‘‘आमाला दिला, आमी सोडला. आजच्या दिवसाला कोन काय बोलतंय?’’ आणि तो आपल्या माणसांकडे बघून हसला. ती माणसंही हसली. वाजवा, वाजवा, म्हणू लागली.

भाऊ तसेच उभे. तेव्हा घरातून, नवरीजवळून, त्यांची भाची धावत आली. हातात फडक्यात गुंडाळलेली क्लॅरिनेटची पेटी. ‘‘मामा, ताईनं दिलीय. माळ्यावरनं काढून. म्हनली, वाजवा.’’

भाऊंनी पेटी उघडली. पत्ती काढून गालात ठेवली. सगळी वऱ्हाडी मंडळी, व्याही, भटजी, सवाष्णी त्या पत्तीच्या भिजण्याची वाट बघत उभी. थोरला म्हणाला, ‘‘वाजव ना लौकर,’’ तर भाऊंनी एक बोट वर केलं.

मग त्यांनी सुरुवात केली ती माझ्या चुलत्याच्या चालीनं. त्यांच्याच लग्नात वाजलेली ती वेशीपासून मांडवापर्यंतची चाल. नवऱ्याच्या मित्रांनी देवळातली ढोलकी काढून ठेका धरला. मिरवणूक हलली. पहिल्या वळणापर्यंत चाल सरळ होती. वळणावर ती वर गेली. भाऊंनी तिला कुठं कुठं नेलं ते मला सांगता येणार नाही. मुंबईच्या त्या हॉलात नेली असेल, चाचांच्या तबकडीत नेली असेल. मधे एकदा तर खुद्द गोदीतला नवरदेवसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून बघायला लागला. व्याही नाचले. हे लक्षात ठेवा. हात वर करून, फेटा सुटेपर्यंत नाचले. आणि मांडवाच्या दारात चाल बरोबर पाऊल टाकून घरी आली. त्याआधी आणि त्यानंतर मी भाऊंना असं वाजवताना ऐकलं नाही.

वाडीत परतलो तर चुलता बांधावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

‘‘चाल माजी व्हती,’’ तो म्हणाला. मग गावाकडे बघत, ‘‘बाकीचं कुठनं आनलं रे त्यानं?’’

तो दिवस तिथंच थांबायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

पहिल्या सणाला लेक माहेरी आली ती गप्प गप्प. पण घाटाखालच्या गोष्टी पोलादपूरच्या बाजारात आपोआप येतात. पाणवठ्यावर तिला ‘वाजंत्र्याची’ म्हणत होते. भाजीत मीठ कमी पडलं, वाजंत्र्याची. उठायला उशीर झाला, वाजंत्र्याची. सासरासुद्धा म्हणायचा, तोच, फेटा सुटेपर्यंत नाचलेला.

भाऊ महाडला आले आणि चाचांच्या बाकड्यावर बसून राहिले. मग मला म्हणाले, ‘‘चूक झाली मास्तर.’’

‘‘वाजवलं ती?’’

‘‘नाय. चांगलं वाजवलं ती. वाईट वाजवलं असतं तर इसरले असते.’’

आणि ते विसरले नाहीतच. वर्ष उलटायच्या आत व्याह्यांचा निरोप आला. धाकट्या मुलाचं लग्न आहे, तुम्ही वाजवायला या. तुमच्यासारखं कोणी वाजवत नाही. भाऊ गेले. मग व्याह्यांच्या भावाकडचं लग्न. मग भावकीतलं. मग गावातलं कोणाचंही. वाजंत्र्याची म्हणायचे तेच लोक लग्न निघालं की व्याह्यांना बोलवा म्हणायचे, आणि त्यांना या दोन गोष्टींत काही विसंगत दिसत नव्हतं. भाऊंचं बाजाराला येणं तुटत गेलं. चाचा थकले, दासगावला परत गेले, तिथंच वारले. हॉटेलाच्या जागी छत्र्या दुरुस्त करणारा बसायला लागला. कारकुनांनी कविता सोडून दिली. मी लिहीत राहिलो, पण ऐकून ‘तसंच नको’ म्हणणारा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. आता भाऊही नाहीत. त्यांना मी शेवटचं कुठं पाहिलं तेवढं सांगतो.

घाटाखालच्या त्या गावातला माझा एक विद्यार्थी होता. त्याच्या घरच्या लग्नाचं बोलावणं होतं म्हणून मी दुपारच्या एसटीनं गेलो. मला मांडवात पाट दिला, ‘मास्तर, इकडं, इकडं’ करून. काळ तेवढा बदलला होता, आणि मी तो पाट हक्कानं घेतला. वाढणं चाललं होतं, तेवढ्यात मांडवाच्या कनातीपलीकडे, पेंढ्याच्या उडवीला टेकून बसलेले ढोलवाले दिसले. त्यांच्यात भाऊ होते. क्लॅरिनेट उपरण्यात गुंडाळून मांडीवर. ओठांच्या कडा सुजल्या होत्या. सकाळपासून वाजवत असावेत.

मी पानावरून उठलो. शेजारचे ‘अहो मास्तर’ म्हणत राहिले.

मी पोचेपर्यंत त्यांची लेक तिथं आली होती. हातात पत्रावळ, त्यावर भात. ती म्हणत होती, ‘‘बाबा, आत चला. व्याह्यांची पंगत हाय, तुमचा पाट ठेवलाय.’’

‘‘हितंच बरं हाय गो. वरात बाकी हाय अजून.’’

‘‘मी सांगते त्यांना.’’

‘‘काय सांगू नको. तू वाढ.’’

ती तशीच उभी राहिली. मग खाली वाकून तिनं पत्रावळ त्यांच्यापुढे ठेवली आणि ढोलवाल्यांचं वाढून आणायला आत गेली. मी भाऊंच्या शेजारी पेंढ्यावर बसलो. त्यांनी माझ्यासाठी जागा झाडली नाही. हात भातात होता.

मी म्हणालो, ‘‘भाऊ, एकदा तरी नाही म्हणायचं होतंत. माझा चुलता म्हणालाच ना?’’

त्यांनी घास खाल्ला. ओठ दुखत असावेत, सावकाश खाल्ला.

‘‘तुमच्या चुलत्याची लेक ह्या गावात दिलेली नाय, मास्तर.’’

यावर मी काही बोलणार, तेवढ्यात मांडवातून कोणीतरी ओरडलं, ‘‘वाजवणारे कुठं गेले रे? उठवा त्यांना.’’

भाऊंनी हात धुतला, पत्ती काढून गालात ठेवली आणि उठले.